एका अंगानं झिजलेला टायर

"अप्पा, मोटार सरळ चालती, मग हा टायर एका अंगानंच का झिजायलाय?"

मित्रांनो, हा प्रश्न माझ्याबद्दल होता. विचारणारी महानंदा, शाळकरी पोर. मैत्रिणींनी तिच्याशी पैज लावली होती, "बापाला विचारून दाखव, रट्टा खाशील." अप्पा म्हणजे सिद्रामप्पा, पोखर्णीची माणसं मोटारीनं परभणीला नेणारे. आणि मी त्यांच्या मोटारीचा पुढचा जुना टायर.

जन्मानं मी रबराच्या झाडाचा चीक. निजामी संपली, त्याच्या दुसऱ्या साली आगगाडीनं परभणीला उतरलो. अप्पांची उमर बैलगाडीवर गेलेली. गाडीच्या चाकाला वंगण, तसं मला दर दसऱ्याला करडीचं तेल. किती मायेनं चोळायचे! मी चकाकायचो, लोक वाहवा करायचे. पण आतून मी मऊ पडत होतो. सांगणार कुणाला?

अप्पा म्हणाले, "उमर झाली त्याची. बाजारच्या दिवशी कापून वहाणा करू."

माझ्यातली हवाच गेली.

महानंदाची माय, शांतम्मा, ज्वारी निवडता निवडता हसली. "वहाणा कुणाला, तुमालाच ना? जुनी वहाण एका अंगानं झिजली, नवीबी तशीच. वहाणंचा काय गुन्हा? पाऊलच वाकडं पडतंय तुमचं."

महानंदा उठलीच. "मग टायराचंबी पाऊल वाकडं असंल."

तिनं स्टेअरिंग सरळ केलं आणि मागच्या चाकाच्या बाहेरच्या अंगानं माझ्यापर्यंत सुतळी ताणली. मागच्या चाकाला ती नीट चिकटली. माझ्या मात्र पुढच्याच कडेला टेकली. माझ्या मागच्या कडेला बोट जाईल एवढी फट.

अप्पा उकिडवे बसून बघत राहिले. मग मोटारीखाली शिरले आणि पुढची चाकं जोडणारी दांडी फिरवून मला सुतळीला लावलं. बाहेर आले, माझ्यावरून हात फिरवला. "उगं कापलं असतं की रे तुला." आणि तेलाची बाटली उचलली.

महानंदानं त्यांचा हात धरला. "माझं खोडरबर लोणच्याच्या तेलात पडलं, तर सुजलं होतं अप्पा. ह्याला हात लावून बघा, कसा चिकट लागतोय."

अप्पांनी बोट लावलं. मग बाटली महानंदाच्या हातात दिली.

मित्रांनो, माया करा, पण ज्याच्यावर करता त्याला काय मानवतं ते आधी विचारा. आम्हाला तेल नको, पुरेशी हवा हवी आणि सरळ उभं राहायला मिळावं.

महानंदानं बाटली मायच्या हातात दिली. "माय, हे तेल फोडणीला घे. अप्पा, मी ठरवलंय. दर शनिवारी शाळेतून आल्यावर टायरांची हवा मी बघणार. अन् सुतळीबी मीच धरणार."