पारावर बसवलेली बाई

लोकशाहीच्या रक्षणाचा भार शेवटी सामान्य माणसाच्याच खांद्यावर असतो. भोकरजवळच्या त्या गावात तो रामलिंगच्या दंडावर होता, ग्राम सुरक्षा दलाची लाल पट्टी होऊन. आणि दंड बारीक म्हणून पट्टी सारखी मनगटावर उतरायची.

मागल्या वैशाखात चोरांची आवई उठली तेव्हा रामलिंगनं भर दुपारी एका परक्या बाईला अडवलं. केवळाबाई तिचं नाव. फाट्यावर उतरून बाळंतीण लेकीकडं पायी निघालेली. त्यानं तिचं गाठोडं सोडलं. आत दोन लुगडी, डिंकाचे लाडू. एक लाडू तपासापुरता खाल्ला.

"पोलीस येस्तोवर पारावर बसा. हलायचं न्हाई."

पोलिसांना फोन करायचा राहिला. तो घरी जाऊन जेवला, लवंडला. जाणारे-येणारे कुणाची तरी वाट बघत असेल म्हणून पुढं गेले. पिंपळाची सावली सरकली, बाई सरकली नाही. दिवस कलता रामलिंगला आठवण झाली, तेव्हा तिची मान छातीवर पडली होती. डॉक्टर म्हणाले, उन्हानं गेली.

तेव्हापासून दुपार झाली की ती पारावर असायची. दिसायची एकट्या रामलिंगलाच. पण गावची कुत्रीही पाराला वळसा घालू लागली. त्याला ना घास गिळवे, ना डोळा लागे.

"तुमीच बसवली, तुमीच उठवा," बायको शिवकांता म्हणाली. "लई रुबाब हाय ना दलाचा!"

तो पोलीस पाटलाकडं गेला. आप्पासाहेबांनी चष्मा पुसला. "झडतीचा अधिकार कुनी दिला रे तुला? डोळ्यादेखत मोठा गुन्हा झाला तर मानूस धरायचा अन् लगोलग पोलिसाच्या हवाली करायचा. तेवढा हक्क तर रस्त्यावरच्या कुनालाबी हाय."

"मंग ती बसली कशाला, आप्पा?"

"पट्टी बघून बसली."

रामलिंग भर उन्हात पारापाशी आला. पिंपळाचं पानसुद्धा हलत नव्हतं. पट्टी काढून त्यानं हात जोडले. "मावशी, मला अधिकार नव्हता. चुकलं. तुमी जावा आता."

तिनं पहिल्यांदाच मान वर केली. डोळ्यांत तीच दुपार होती. शाप ऐकायला रामलिंगनं डोळे मिटले.

"जाते बाबा," ती म्हणाली. "पन म्होरल्या गावातबी दल हाय म्हनं. झडती झाली म्हनून तेवढी चिठ्ठी लिहून दे."