सरव्याची ज्वारी

कोंबड्यांनी चार दिवस नव्या खाद्याला चोच लावली नाही आणि वाटूरच्या राजानंद मास्तरांच्या घरात सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. सगळ्यांच्या म्हणजे माणसांच्या. कोंबड्या मजेत होत्या.

मास्तरांची आई कौसल्याबाई, तिचे दोन्ही गुडघे कामातून गेले होते. उठायचं तर भिंत, बसायचं तर सुनेचा हात. मागच्या महिन्यात परसातल्या हौदापाशी पडली, ती तासभर तशीच पडून राहिली. हाक मारायची की कुणाला! पण नाही मारली. का, तर गल्ली हसंल! अशी ती बाई. मास्तरांनी जालन्याच्या दवाखान्यात खेटे घालून घालून ऑपरेशनची तारीख मिळवली. बारा दिवसांवर आली होती. ही हुकली की पुढची थेट दिवाळीच्या आसपास, आणि तोवर म्हातारी खाटेला खिळायची. एवढं सगळं झाल्यावर कौसल्याबाईनं काय अट घालावी?

"माझ्या कोंबड्यायची सोय लागल्याबिगर मी उंबऱ्याच्या भायेर पाय टाकणार न्हाई."

आता सोय करायची कशी? सून ज्योत्स्ना दवाखान्यात सोबत राहणार. मास्तरांची शाळा. शेजारची बेबीनंदा कोंबड्या बघायला तयार होती, पण ती उजाडताच रोजानं कामाला जाणारी. कोंबड्या मोकळ्या सोडल्या तर लोकांच्या हरभऱ्यात शिरून भांडणं लावणार. म्हणून परसात जाळी मारली. आत कोंडलेल्या कोंबडीचं नुसत्या दाण्यावर भागत नाही, म्हणून मास्तरांनी परतूरहून तयार खाद्याचं पोतं आणलं. बेबीनंदानं दिवसातून एकदा भांडं भरायचं, बस्स. कोंबड्या ते खायला लागल्या की कौसल्याबाई गाडीत बसणार, असं ठरलं.

आणि कोंबड्या खाईनात!

ज्योत्स्नानं खाद्य ताकात भिजवलं. गूळ लावला. वरून कांद्याची पात चिरून पसरली. कोंबड्यांनी पात तेवढी उचलली आणि खाद्य पायानं उकरून मागं फेकलं. मास्तरांनी दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "सर, दोन दिवस उपाशी ठेवा. भुकेनं कळवळल्या की झक मारून खातील." ठेवल्या. तिसऱ्या दिवशी त्या उपाशी कोंबड्यांनी पाच अंडी दिली.

मास्तर सातवीच्या पोरांना गणित शिकवतात. पण दोन दिवस अन्नाचा कण न खाल्लेल्या नऊ कोंबड्या पाच अंडी कशा देतात, हे गणित काही त्यांना सुटलं नाही. त्यांनी अंडी डब्यात ठेवली आणि पुन्हा दुकानदाराला फोन लावला.

ज्योत्स्ना मात्र शहागडची, कोंबड्यांत वाढलेली. चौथ्या दिवशी तिनं वैतागून ठिपक्यांची कवडी कोंबडी धरली, चोच उघडून खाद्य कोंबावं म्हणून. कोंबडी काखेत दाबली आणि तिची बोटं गळ्याखालच्या पिशवीवर गेली. गच्च भरलेली! आणि बोटाखाली दाणे सरकत होते, गोल, टणक. ज्योत्स्नानं कोंबडी हळूच खाली सोडली आणि सासूकडं पाहिलं. सासू दगडावर बसून मेथी निवडत होती.

"न्हाई खात ना?" सासू मान वर न करता म्हणाली. "मी म्हणलंच व्हतं."

"न्हाई ना, आत्या," ज्योत्स्ना म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या वेळी ती मागच्या दाराआड उभी राहिली. जे दिसलं त्यानं तिच्या अंगाची आग झाली. हात दिल्याशिवाय जिला उठता येत नव्हतं ती बाई बसल्या बसल्या सरकत, लुगड्याला माती लावत, परसातून खुराड्यापर्यंत गेली होती. गोवऱ्यांच्या मागून तिनं एक गाडगं ओढलं. सूप मांडीवर घेऊन त्यावर बोटानं दोनदा टिचकी मारली. कोंबड्या धावल्या.

"खावा गं बायांनो," ती कुजबुजली. "जल्दी खावा. ती उठंल."

रोग रेड्याला आणि औषध पखालीला! इथं आपण ताक-गूळ करून कोंबड्यांची मनधरणी करतोय, आणि दुखणं भलतीकडंच! ज्योत्स्ना तरातरा निघाली. दोन शब्द सुनावायचेच, असं ठरवून निघाली. पण चार पावलांवर तिला गाडग्याच्या तोंडाशी वाळलेला कडुलिंबाचा पाला दिसला आणि ती थबकली. ते गाडगं तिच्या ओळखीचं होतं.

कौसल्याबाई आणि तिचा नवरा साहेबराव, दोघांना गुंठाभर रान नव्हतं. जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात रोजानं गेले. ज्वारी काढून झाली, कणसं खळ्यावर गेली, की रानात चुकून पडून राहिलेली कणसं वेचायची, त्याला सरवा म्हणतात. जो वेचील त्याचा. त्या सरव्यावर त्यांनी राजानंदला शिकवलं. लेक मास्तर झाला, म्हणाला माय, आता बास, लोक काय म्हणतील. पण दोघं म्हातारे दर साली चोरून जायचेच. दोन वर्षांमागं असेच गावातल्या रामप्रसादच्या रानात गेले आणि गाडगंभर ज्वारी घेऊन आले. त्याच महिन्यात साहेबरावांचं पोट दुखायला लागलं. त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा ऑपरेशनशिवाय इलाज नव्हता आणि ऑपरेशनलाही उशीर झाला होता. ती ज्वारी कधी दळली गेली नाही. कवाच किडली असेल, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं.

ज्योत्स्ना सासूच्या शेजारी मातीत बसली. "आत्या, ही मामांची जवारी ना?"

कौसल्याबाई एवढी दचकली की सूप मांडीवरून घसरलं. तिनं ते पुन्हा मांडीवर ओढून घेतलं.

"चालत गेल्ते गं ते दवाखान्यात," ती म्हणाली. "पिशवी सोता उचलून. दारात मला म्हणले, चार दिसांत येतो, कोंबड्यायकडं बघ. मी बघून राह्यले. दोन वर्षं झाले, बघूनच राह्यले." तिनं पदरानं नाक पुसलं. "मला भेव वाटतं, ज्योत्स्ना. लई भेव वाटतं. राजाला सांगू नको. त्याला वाटतं, आपली माय कशालाच भेत न्हाई."

ज्योत्स्नाच्या ओठावर सगळं आलं होतं. गुडघा म्हणजे पोट नव्हे, डॉक्टर चांगले आहेत, अमकीच्या सासूचं झालं, ती आता तुरूतुरू चालते. हे सगळं ती आधी दहा वेळा बोलून चुकली होती. तिनं सासूचा मातीनं भरलेला हात हातात घेतला.

"मला बी वाटतं भेव," ती म्हणाली. "पण मामा महिनाभर दुखणं लपवून बसले, आत्या. लपवलं म्हणून गेले. तुम्ही लपवू नका, एवढंच सांगते."

कौसल्याबाई बराच वेळ रडली. कोंबड्या तोवर दाणे टिपून मोकळ्या झाल्या.

मग ज्योत्स्नानं गाडग्यात हात घातला. "किती राह्यली?"

"असंल आठ-धा ओंजळी."

"पुरती. माझी माय नवं खाणं कधी एकदम न्हाई टाकायची. आज जवारीत मूठभर खाद्य, उद्या दोन मुठी, परवा तीन. कोंबडीला कळत बी न्हाई कधी बदललं ते."

कौसल्याबाईनं डोळे बारीक केले. "आन् मला बी असंच फसवून नेणार का?"

"कोंबड्यांना फसवू. तुम्हाला सांगून नेऊ."

मास्तरांना यातलं काही कळलं नाही. दोन दिवसांनी कोंबड्या भांड्यात चोच घालताना दिसल्या तेव्हा ते शाळेत सगळ्यांना सांगत सुटले, उपाशी ठेवायचा उपाय बराबर लागू पडला म्हणून. सासू-सुनेनं त्यांना खुशाल सांगू दिलं.

रोज सकाळी दोघी मिळून सुपात खाद्य कालवायच्या, आणि कालवता कालवता कौसल्याबाई एकच काहीतरी विचारायची. बेशुद्ध करत्यात का? पाय कापून बाजूला ठेवत्यात का? तू दाराभायेरच राहशील ना, का च्या प्यायला जाशील? ज्योत्स्नाला जे ठाऊक होतं ते ती सांगायची. नव्हतं त्याला ठाऊक नाही म्हणायची. आणि म्हणायची, च्या मी तिथंच मागवीन.

निघायच्या दिवशी सकाळीच गाडी दारात आली. भांड्यात त्या दिवशी नुसतं खाद्य होतं, ज्वारीचा एक दाणा नाही. ज्योत्स्नानं कौसल्याबाईला दगडावर बसवलं. कोंबड्या आल्या, माना खाली घातल्या आणि लागल्या की हो खायला! म्हातारी वाट बघत राहिली, एखादी तरी मान वर करील, माझ्याकडं बघंल. एकीनंही बघितलं नाही.

"बेइमान!" कौसल्याबाई म्हणाली. "सात दिसांत इसरल्या! रांडेच्यांनो, जीव लावला तुम्हाला!" आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण तोंड हसत होतं.

बेबीनंदा कुंपणापलीकडून बघत होती. "मावशे, रडून राह्यली का हसून राह्यली?"

"दोन्ही," कौसल्याबाई म्हणाली. "कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं थांबतंय का, बाई? जाणं हायेच."

मास्तर गाडीत पिशव्या ठेवून परसात आले, तेव्हा तिनं मांडीवरचं गाडगं त्यांच्यापुढं धरलं. तळाशी मूठभर ज्वारी होती, वर लिंबाचा पाला.

"राजा, ही तुझ्या बापाच्या सरव्याची हाये. मी चोरून घालत व्हते कोंबड्यायला, मला जायाचं नव्हतं म्हणून. भेव वाटत व्हतं." एका दमात बोलली. "आता एवढीच राह्यली. बेबीला देऊ नको, दळू तर बिलकुल नको. मी आल्यावर माझ्या हातानं टाकीन."

मास्तरांना ते अंड्यांचं गणित आत्ता कुठं सुटलं. ते गाडग्यात बघत उभे राहिले. त्यांनी गाडगं आत नेलं, बापाच्या फोटोखाली फळीवर ठेवलं आणि डोळे पुसून बाहेर आले.

कुंपणाभोवती एव्हाना गल्ली गोळा झाली होती. बाया, पोरं, बेबीनंदाचा सासरा, सगळे. कौसल्याबाईनं सगळ्यांकडं एकदा पाहिलं आणि मोठ्यानं हाक मारली.

"अरे राजा, बघत काय राह्यला? हात दे की. मला उठता येत न्हाई."