नळबाईचा तिसरा अंक

‘ज्यांच्याकडे कै. परशुराम गद्रे यांची पत्रे असतील त्यांनी ती स्मृतिग्रंथासाठी आणून द्यावीत,’ अशी विनंती साप्ताहिकात आली आणि मी शाळेत अर्ध्या दिवसाची रजा टाकली. माझ्याकडे गद्र्यांचं एकच पत्र होतं. आठ वर्षं ते मी ट्रंकेत, लुगड्याच्या घडीत ठेवलं होतं, आणि ते काही प्रेमापोटी नव्हे.

गद्रे म्हणजे नाटकांचे टीकाकार. राहायचे डोंबिवलीला, पण ठाण्या-कल्याणातल्या हौशी मंडळ्या त्यांच्या लेखणीला चळचळा कापायच्या. १९४९ साली ठाण्यात आमच्या नाटकाचा पहिला प्रयोग झाला. नायिका मी. गद्र्यांनी लिहिलं, ‘शेवटच्या प्रवेशातले उत्तराबाईंचे रडणे म्हणजे ठाण्याचा नळ. ठरल्या वेळी येतो, पण भांडे भरत नाही.’ लोकांना वाक्य फार आवडलं. कल्याणला मी शिकवते त्या शाळेतल्या पोरी अजून माझ्या पाठीमागे मला नळबाई म्हणतात.

गंमत अशी, की त्या प्रयोगात मी रडलेच नव्हते. नाटकात असं होतं, की नवरा माफी मागायला लावतो आणि बायको त्याच्या पायांवर कोसळून रडते. तालमीत मी निमूट रडत होते. प्रयोगात मात्र त्या पायांकडे पाहिलं आणि वाटलं, का म्हणून? ताठ उभी राहिले, माझ्या मनाचं एक वाक्य बोलले आणि निघून गेले. पडदा पडल्यावर मंडळीतल्या सगळ्यांनी मला धारेवर धरलं, आणि लेख आल्यावर तेच मूग गिळून बसले. छापणाऱ्याशी वैर कोण घेणार? पुढच्या प्रयोगाला दुसरी बाई आली. मला परत कुणी बोलावलं नाही.

ग्रंथाचं काम ठाण्याला टेंभी नाक्यावर विश्राम प्रधान वकिलांच्या घरी चाललं होतं. टेबलावर पत्रांचे गठ्ठे होते, आणि खिडकीपाशी गद्र्यांच्या पत्नी मंदाकिनीबाई पाकिटांवर नंबर घालत बसल्या होत्या. त्या असतील हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. पण आले होते, आता मागे कशाला फिरू?

प्रधानांनी माझं पत्र दोनदा वाचलं आणि चष्मा काढला.

“उत्तराताई, हे नको घ्यायला.”

“आणि तो नळाचा लेख?”

“तो तर पहिल्याच पानावर आहे. त्यांचा सर्वांत गाजलेला लेख.”

“मग त्याच्याखालीच हे छापा.”

“गेलेल्या माणसाविषयी बरं दिसत नाही हो. शिवाय त्यांनी स्वतःच लिहिलंय, वाचून फाडून टाकावे म्हणून.”

“मी आठ वर्षं नळबाई झाले, ते बरं दिसलं?” माझा आवाज चढला. मी चढू दिला.

खिडकीपाशी बसल्या बसल्या मंदाकिनीबाई म्हणाल्या, “वाचा बघू. मोठ्यानं.”

प्रधान काहीतरी पुटपुटले. मी त्यांच्या हातातून कागद घेतला आणि वाचला.

“‘उत्तराबाई, तुम्ही लिहिता ते खरे. तिसरा अंक मी पाहिला नाही. शेवटची गाडी चुकली असती, म्हणून दुसऱ्या अंकानंतर निघालो आणि तालमीत पाहिलेल्या शेवटावर लिहिले. जाहीर खुलासा करणे माझ्याच्याने होणार नाही. हे पत्र वाचून फाडून टाकावे. प. ग.’”

त्या बाईंना दुखवलं याचं मला वाईट वाटत होतं, पण पत्र वाचल्याचं अजिबात वाटत नव्हतं.

“नाटक संपलं किती वाजता?” मंदाकिनीबाईंनी विचारलं.

“एक वाजून गेला होता.”

“हे बाराला घरात होते. पान वाढताना मी म्हटलं, लवकर आटपलं वाटतं? तर म्हणाले, छे, उलट लांबलंच. शेवट फार रडका.” त्यांनी लेखणी खाली ठेवली. “खरा शेवट कसा होता हो?”

आठ वर्षांत हे मला कुणीच विचारलं नव्हतं. त्या दिवशी तरी रडायचं नाही असं ठरवून आले होते. मी खोलीच्या मध्ये उभी राहिले. प्रधानांना म्हटलं, “तुम्ही नवरा. नुसते बसून राहा.” पदराला हात पुसले, त्यांच्याकडे सरळ पाहिलं आणि म्हटलं, “जेवण झाकून ठेवलंय. वाढून घ्या.” मग दारापर्यंत चालत गेले. सावकाश, त्या वेळी गेले होते तशीच.

मागे वळले तेव्हा मंदाकिनीबाई माझं पत्र नळाच्या लेखाला टाचणीनं जोडत होत्या. त्यावर त्यांनी नंबर घातला.

“वहिनी, विचार करा,” प्रधान म्हणाले. “ग्रंथ त्यांच्या गौरवाचा आहे. आणि प्रस्तावना तुम्ही लिहायची आहे.”

“हीच प्रस्तावना. हे नसेल तर बाकीची पत्रंही मी घरी नेते.”

“पण लोक काय म्हणतील, त्याला उत्तर कोण देणार? तुम्ही निदान बसा तरी.”

मंदाकिनीबाईंनी पिशवी उचलली, पदराला शाईचे हात पुसले आणि माझ्या शेजारी दारात येऊन उभ्या राहिल्या.

“जेवण झाकून ठेवलंय, विश्रामराव,” त्या म्हणाल्या. “वाढून घ्या.”