कॅनडाला निघालेलं येसर

आमच्या सिद्धोधनाला परदेशात माल विकायचं वेड लागलं आणि त्याला स्वतःच्या घराच्या भिंती नडायला लागल्या. त्या सकाळी मी मिरच्या निवडत होते, तर हा स्टुलावर चढून बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो उतरवत होता.

"काय रं, रंग द्यायलास का?"

"शूटिंगपुरतं काढायलोय, माय. मागं मोकळी भिंत बरी दिसती."

मोकळी कुठली! तासाभरात तिथं पितळी लामणदिवा लटकला आणि दारात तुळशीची कुंडी आली.

येसर म्हणजे ज्वारी, बाजरी, हरभऱ्याची डाळ, धणे, खोबरं, खडा मसाला भाजून कुटायचं. मूठभर टाकलं की रस्सा दाट होतो. माझं येसर पेडगावातून परभणीला, मानवतला जातं. आता अवधूत नावाचा एक जण ते कॅनडातल्या मराठी लोकांना विकणार होता, आणि तिकडं दाखवायला त्याला जाहिरात पाहिजे होती. फोनवर लय गोड बोलायचा. "काकू, मला स्वतःला काही नाही हो. पण इकडच्या गिऱ्हाइकाला जुन्या वळणाचं, सोवळ्यातलं घर आवडतं. मार्केटच तसं आहे."

कुणाला काहीच नसतं. मार्केटच तसं असतं.

मग पलीकडच्या गल्लीतल्या अनसूयाबाई आल्या. हिरवं लुगडं, नाकात नथ. मला वाटलं, गंमत बघायला आल्या. सिद्धोधनानं त्यांनाच उखळापाशी पाटावर बसवलं.

"आन मी?"

"तू कुट. हात तुझे घ्यायचेत, तोंड काकूंचं." जरा घुटमळला. "बांगड्या तेवढ्या वर सरकव. गोंदण झाकंल."

माझ्या हातावर 'जय भीम' गोंदलेलं आहे. नवी नवरी होते तेव्हा हट्टानं गोंदून घेतलं होतं.

"पाकिटावर नाव काय टाकायलास?"

"अनसूया आजीचं येसर."

अनसूयाबाई पदर तोंडाला लावून हसल्या. "मला तं भाजता पन येत न्हाई गं पंचफुला. आमची सून इकत आनती."

"तोंड द्यायला कुठं भाजावं लागतंय," मी म्हणाले.

भांडले नाही. खरं सांगायचं तर भांडायचा कंटाळा आला होता. हापशावर भांडले, पंगतीला भांडले. शाळेत खिचडी शिजवायला लागले तेव्हा लोकांनी आपली लेकरं डबे देऊन धाडली, तेव्हाही भांडले. माणूस किती भांडणार? वाटलं, पोराचा धंदा चालू दे, तोंड कुणाचं का असंना. बांगड्या वर सारल्या आणि कुटत राहिले.

सून धम्मशीला फोन धरून उभी होती. रस्सा उकळला. आता अनसूयाबाईंनी चमचाभर चाखून म्हणायचं होतं, "अगदी माझ्या आईच्या हातची चव." चमचा ओठापर्यंत गेला, तिथं थांबला आणि भरलेलाच वाटीत परत आला. वाक्य मात्र त्यांनी झकास म्हटलं.

धम्मशीलेनं फोन खाली केला. "काकूंनी चाखलंच न्हाई."

"आज माझा उपास हाय गं," अनसूयाबाई जमिनीकडं बघत म्हणाल्या.

इतक्या वर्षांच्या शेजारात त्यांनी आमच्या घरी चहाचा घोट घेतलेला नाही. दर वेळी उपासच निघतो.

मी पोराकडं बघितलं. वाटलं, आता तरी बोलंल. त्यानं नजर फिरवली.

"चालतंय काकू. कॅमेऱ्यात कळत न्हाई. धम्मशीला, धर फोन."

मी मुसळ भिंतीला टेकवलं.

"माय, आसं करू नको. आज व्हिडिओ गेला न्हाई तं ऑर्डर जाईल हातची."

"जाऊ दे. बस खाली आन ऐक." पाय दुखत होते, तरी मी उभीच राहिले. "अनसूयाबाईनं चमचा तोंडाला लावला न्हाई, त्याचं मला नवल न्हाई, ते मी लगीन होऊन आले तवापासून बघायलेय. पर माझ्या लेकानं 'चालतंय' म्हनावं? आरं, कॅनडात आपल्याला कुनी वळखत न्हाई. तिथं तरी तुझी माय आपल्या नावानं गेली आसती. तू गावातलं हे सोवळं पाकिटात भरून तिकडं धाडायलास, अन् माझ्याच हातानं कुटून घ्यायलास. माझ्या हातचं पायजे आसंल तं माझं तोंड बघून खावं लागंल. न्हाई तं तुझ्या कॅनडाला सांग, खुशाल फिक्कं खा म्हनावं."