पकड सोडणारं प्रथिन

चौलच्या वाडीत आश्लेषाने आईला मोबाइलवर चित्र दाखवलं. जिवाणूतलं एक प्रथिन जनुकाला दोन्ही बाजूंनी गच्च धरून बसलं होतं, म्हणजे त्या जनुकाचं काम बंद. त्या प्रथिनाचे स्फटिक करून ही रचना शोधण्यात तिची दोन वर्षं गेली होती.

"अगं, हे तर आपले धर्माकाका!" आई म्हणाली. समोर सुपाऱ्या काढायला चढलेले धर्माकाका पोफळीला अगदी तसेच बिलगले होते. "पण मग सुटतं कसं?"

"साखर आली की सोडतं."

आईने हसत वर हाक मारली, "काका, चहा झाला, उतरा!"

"साखर किती हाय, वयनी? दोन चमच्यांच्या खाली मी न्हाय उतरायचो!"

आश्लेषाने कपाळावर हात मारला. किती साखरेला पकड सुटते, हे शोधायला प्रयोगशाळेतल्या सरांनी तिला आणखी अख्खं वर्ष दिलं होतं.