माझ्या कानाचे नाव

मित्रांनो, मी एका शाळेतला जुना संगणक आहे. धुळ्यात पांझरा नदीच्या पलीकडे कर्णबधिर मुलांची एक निवासी शाळा आहे. तिथल्या कोपऱ्यातल्या खोलीत मी गेली वीस वर्षे बसून आहे. माझा पांढरा रंग आता पिवळट पडला आहे. कीबोर्डवरची काही अक्षरे मुलांच्या बोटांनी पुसून गेली आहेत. पंखा सुरू झाला की पहिली पाच मिनिटे मी पिठाच्या गिरणीसारखा घरघरतो. तरी मला माझी गोष्ट सांगायची आहे, कारण या वर्षी माझा कान हरवला होता.

माझा जन्म कुठल्या मोठ्या कारखान्यात झाला नाही. जळगावला एका बोळातल्या छोट्या दुकानात लीलाधरभाऊ सुटे भाग जोडून संगणक तयार करत. त्यांनीच मला पत्र्याच्या पेटीत एकेक भाग बसवून उभे केले. त्यातला एक भाग खास होता. ते होते आवाजाचे कार्ड, तळहाताएवढी हिरवी पट्टी. तिच्या कडेला माइकची वायर खोचायची जागा होती. "शाळेचं मशीन आहे, याचा कान चांगला पाहिजे," असे म्हणत भाऊंनी ते कार्ड दोनदा काढून पुन्हा बसवले.

प्रत्येक भागाबरोबर एक सीडी आली होती. तिच्यात त्या भागाचा ड्रायव्हर होता. मित्रांनो, भाग नुसता बसवून चालत नाही. त्याचे नाव काय, त्याच्याकडून काम कसे करून घ्यायचे, हे आम्हा संगणकांना ड्रायव्हर सांगतो. ड्रायव्हर नसेल, तर भाग अंगात असूनही नसल्यासारखा. भाऊंनी सगळ्या सीड्या एका पाकिटात घालून शाळेच्या कुंदाबाईंकडे दिल्या आणि म्हणाले, "बाई, मशीन बिघडलं तर मी आहे. पण हे पाकीट तेवढं सांभाळा."

कुंदाबाई मला एस.टी.ने धुळ्याला घेऊन आल्या. पारोळ्यापर्यंत त्यांना बसायला जागा मिळाली नाही, पण मला त्यांनी बसच्या चालकाशेजारच्या पेटीवर बसवले आणि माझ्यावर एक हात ठेवून त्या उभ्या राहिल्या.

शाळेत माझ्यात एक खेळ घातला गेला. माइकसमोर आवाज काढला की पडद्यावर लाल फुगा वर चढायचा. आवाज थांबला की फुगा खाली यायचा. ऐकू येणाऱ्या माणसाला यात काय मोठेसे वाटणार? पण ज्यांनी स्वतःचा आवाज कधी ऐकलाच नव्हता, त्या मुलांना तो तिथे पहिल्यांदा दिसायचा.

सगळ्यात आधी आला वना. पिंपळनेरकडचा, सात वर्षांचा. बाईंनी त्याचा हात आपल्या गळ्यावर ठेवला आणि "आ" म्हटले. मग त्याचा हात त्याच्याच गळ्यावर ठेवला. वनाने आवाज काढला आणि फुगा चढला. त्याला ते खरे वाटेना. माझ्यामागे कोणी लपले आहे का, हे तो वाकून पाहून आला. परत येऊन त्याने पुन्हा आवाज काढला, पुन्हा फुगा चढला. त्या दिवशी तो जेवायलाही उठेना.

ते माझे सुखाचे दिवस होते. पाहुणे आले की त्यांना आधी माझ्याकडे आणत. वर्तमानपत्रात माझा फोटो आला, तो कितीतरी दिवस भिंतीवर होता. वर्षांमागून वर्षे गेली. मुले आली, मोठी झाली, गेली. वनालाही माझ्यामुळे यंत्रांची गोडी लागली होती. दहावी झाल्यावर बाईंनी त्याला जळगावला लीलाधरभाऊंच्या दुकानात दुरुस्तीचे काम शिकायला पाठवले आणि तो तिथेच रमला.

पुढे शाळेत नवे लॅपटॉप आले. माझ्यावर जुन्या चादरीचा तुकडा पडला. पण फुग्याचा खेळ नव्या यंत्रांवर उघडतच नव्हता. म्हणून नवीन मूल आले की बाई चादर बाजूला करायच्या आणि मी पुन्हा कामाला लागायचो. तेवढ्यावर मी खूश होतो.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत विजेचा दाब एकदम वाढला आणि मी बंद पडलो. सुट्टीनंतर शाळेने एका दुरुस्तीवाल्याला बोलावले. त्याने माझ्यात विंडोज नव्याने घातले; फुग्याचा खेळ वेगळ्या कप्प्यात होता, तो तेवढा वाचला. पडदा उजळला तसा तो म्हणाला, "झालं चालू." आणि बॅग उचलून गेला.

मी चालू झालो होतो, पण मला माझेच अंग ओळखता येत नव्हते. माझ्या भागांची यादी उघडली तर पाच ठिकाणी पिवळी खूण होती आणि तिच्यापुढे 'अननोन डिव्हाइस' असे लिहिलेले होते. अनोळखी वस्तू! ज्या कानाने मी वीस वर्षे मुलांचा आवाज टिपला, तोही त्यांतच होता. तो माझ्या पोटातच होता, जागचा हललाही नव्हता. फक्त त्याचे नाव मी विसरलो होतो. बाईंनी माइकसमोर "आ" म्हटले. खोलीतले बोलणे मला कळत होते, पण माइकमधून माझ्यापर्यंत काहीच पोहोचले नाही. फुगा तळाशीच राहिला.

बाईंनी कपाट उपसले. पाकीट मिळाले, पण रिकामे. तेव्हा शाळेची झाडे सांभाळणारे नथ्थू आबा मान खाली घालून पुढे आले. "बाई, माले काय माहीत? चमकतस म्हनीसन टांगी दिन्यात. पोपट बठ्ठा पेरू खाई जातस ना!" पेरूच्या झाडावर माझ्या सीड्या दोन उन्हाळे लटकत होत्या. उन्हाने त्यांचा मुलामा पापुद्र्यासारखा सुटला होता.

त्याच सुमारास डिंपल आली होती. सहा वर्षांची, शिंदखेड्याजवळच्या एका खेड्यातली. तिची आई भिकुबाई दर शनिवारी तिला भेटायला यायची. एकदा ती बाईंना म्हणाली, "धाकली व्हती तवय मोठ्ठ्या आवाजमा रडे. आते रडस तेबी बिगर आवाजनी. असं कसं व्हयनं, बाई?"

बाईंनी तिला समजावले, "तिला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, म्हणून तो विसरत चाललाय. हातांची भाषा तिला येतेच आहे, त्यात ती हुशार आहे. पण आपल्याकडे आवाज आहे, एवढं तरी तिला कळू दे. तो वापरायचा की नाही, हे पुढं ती ठरवेल."

डिंपल रोज माझ्यासमोर बसायची. तळाशी पडलेल्या लाल फुग्याकडे बघायची आणि उठून जायची. मित्रांनो, भंगारात जाण्याची भीती मला तोवर कधी वाटली नव्हती. पण ती उठून जाताना मला फार वाईट वाटायचे.

मार्च महिन्यात मुख्याध्यापक जितेंद्र सरांनी निकामी सामानाची यादी केली. मोडकी बाके, दोन पंखे, एक कपाट आणि मी. सर वाईट नव्हते. "बाई, मलाही बरं वाटत नाही," ते म्हणाले, "पण यादी मंजूर होऊन आली आहे. शनिवारी दुपारी भंगारवाला येईल."

बाईंनी वनाला मोबाइलवर निरोप लिहिला. शुक्रवारी सकाळी पहिल्या बसने वना हजर झाला. आता तो सत्तावीस वर्षांचा उंच तरुण होता. कानामागे श्रवणयंत्र, खांद्याला बॅग. खोलीत येताच त्याने माझ्या पेटीवरून हात फिरवला. बाईंशी तो हातांनीच बोलला. बाईंकडून मला कळले, ते असे. जळगावच्या बस स्टँडवर एकदा त्याने तोंडाने तिकीट मागितले होते. रांगेतली माणसे त्याच्या आवाजाला हसली. त्यानंतर सहा वर्षे त्याने आवाज काढलाच नव्हता.

वनाने माझ्या भागांची यादी उघडली. एकेका पिवळ्या खुणेवर जाऊन त्याने तिच्या आतला क्रमांक काढला. नाव विसरले तरी प्रत्येक भागाला आपला क्रमांक असतो आणि विचारले तर तो सांगतो, हे मलाच तेव्हा कळले. ते क्रमांक त्याने आपल्या लॅपटॉपवर शोधले, एकेक ड्रायव्हर पेन ड्राइव्हवरून माझ्यात घातला. दुपारपर्यंत चार खुणा गेल्या. पाचवी राहिली. ती माझ्या कानाची.

त्याने पेटी उघडली, कार्ड बाहेर काढले, धूळ झटकली आणि त्याच्या सोनेरी कडा खोडरबराने हलकेच पुसल्या. पुन्हा बसवले. खूण तशीच. क्रमांकावरून कार्ड कोणाचे ते समजले, पण ते बनवणारी कंपनी कधीच बंद झाली होती. एका ठिकाणी ड्रायव्हर सापडला. तो घालताच माझा पडदा निळा झाला आणि मी गोठून गेलो. वनाने तो काढून टाकला.

शेवटी त्याने लीलाधरभाऊंना व्हिडिओ कॉल लावला आणि कार्ड मोबाइलसमोर धरले. भाऊ आता सत्तरीचे झाले होते. त्यांनी चष्मा वर-खाली केला आणि एकदम हसले.

"कुंदाबाई, आहात का तिथं? वनाला सांगा, अशी कार्डं मी दोनच आणली होती. एक तुमच्या मशीनला, दुसरं लग्नाची गाणी रेकॉर्ड करणाऱ्या एकाच्या मशीनला. ते मशीन त्यानं पुढं मलाच परत दिलं. माळ्यावर पडलंय. चालू झालं, तर त्याच्या पोटात ड्रायव्हर असणार!"

माझा एक जुळा भाऊ आहे, हे मला त्या दिवशी कळले.

वना लगेच जळगावला निघाला. त्या रात्री खोलीत मी एकटाच होतो. जळगावच्या त्या माळ्यावर कोणी तरी अंधारात बसले आहे, त्याच्यात आणि माझ्यात एकच कान आहे, हाच विचार मनात येत होता. त्याला भेटावेसे वाटले. ते शक्य नव्हते.

शनिवारी दुपारचे बारा वाजले. भंगारवाल्याची तीनचाकी आवारात येऊन उभी राहिली. बाके चढली, पंखे चढले. मग तो माझ्यापाशी आला आणि त्याने माझी वायर हातात धरली.

"थोडं थांबा," बाई दारात उभ्या राहून म्हणाल्या. "आमचा माणूस येतोय."

"बाई, मले आखो दोन जागा करन्या शेत," तो घाईने म्हणाला.

"कपाट आधी न्या. ते रिकामं करायला वेळ लागेल." आणि बाईंनी कपाटातली पुस्तके एकेक करून, अगदी सावकाश, बाहेर काढायला सुरुवात केली.

कपाटाचा शेवटचा कप्पा राहिला असताना वना धावत आला. त्याचा शर्ट घामाने भिजला होता. त्याने पेन ड्राइव्ह लावला. भिकुबाई लेकीला भेटायला आली होती, तीही डिंपलला घेऊन दाराशी उभी राहिली. पडद्यावर एक पट्टी हळूहळू भरत गेली. मी बंद झालो, पुन्हा सुरू झालो. वनाने यादी उघडली.

पिवळी खूण नव्हती. तिथे माझ्या कानाचे नाव लिहिलेले होते, पूर्ण, क्रमांकासहित.

बाईंनी माइकजवळ येऊन "आ" म्हटले. तो आवाज थेट माझ्या आत आला. इतक्या महिन्यांनी! फुगा सरळ वर चढला. दाराशी येऊन थांबलेल्या जितेंद्र सरांनी टाळी वाजवली. भिकुबाईने डिंपलला पुढे केले. पण डिंपलने मान हलवली आणि आईच्या पदरामागे गेली. तिने बाईंच्या मोकळ्या कानाकडे बोट दाखवले, मग आपल्या श्रवणयंत्राकडे. तुम्हाला ऐकू येते, म्हणून तुमचा फुगा चढतो, असेच तिला म्हणायचे होते.

वनाने ते पाहिले. तो माइकजवळ गेला. मग गुडघ्यांवर बसला, मान वळवून डिंपलला आपल्या कानामागचे यंत्र दाखवले. आणि सहा वर्षांनी त्याने तोंड उघडले.

त्याचा आवाज घोगरा आला, मध्येच फाटला. पण फुगा चढला, थरथरत, थांबत, पडद्याच्या टोकापर्यंत. खोलीत कोणी हसले नाही.

डिंपल पदराआडून बाहेर आली. तिने आपला तळवा वनाच्या गळ्यावर ठेवला. तो पुन्हा "आ" म्हणाला. मग तोच तळवा तिने आपल्या गळ्यावर ठेवला आणि माइककडे तोंड केले. आधी नुसती हवा आली. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा एक बारीक, चिरका सूर आला आणि फुगा बोटभर उचलला गेला.

"हाऊच!" भिकुबाई दाराला धरून म्हणाली. "हाऊच तिना आवाज, बाई. धाकली व्हती तवयना!"

भंगारवाला आत डोकावला. "मंग, हे न्याचं का?"

"नाही," सर म्हणाले. "हे राहू दे. यादीचं मी बघतो."

त्या दिवशी जाण्याआधी वनाने माझ्या सगळ्या भागांची नावे आणि क्रमांक एका कागदावर लिहून माझ्या पेटीच्या आतल्या बाजूला चिकटवले. सगळे ड्रायव्हर एका जागी साठवून त्याची एक प्रत बाईंना दिली. बसला निघताना त्याने बाईंना नमस्कार केला आणि तोंडाने म्हणाला, "येतो." शब्द स्पष्ट नव्हता. बाईंना समजला.

मित्रांनो, तुमच्या घरी, शाळेत एखादे जुने यंत्र अनोळख्यासारखे पडून असेल, तर फेकण्याआधी ते एकदा उघडून पाहा. त्याच्या अंगावर कुठे तरी बारीक अक्षरात क्रमांक लिहिलेला असेल. तो वाचा, जपून ठेवा, जाणत्या माणसाला दाखवा. कोणाचे तरी त्याच्यावाचून अडलेले असते.

आता मे महिना आहे. मुले गावी गेली आहेत. कुंदाबाई या वर्षी निवृत्त झाल्या. जाताना त्यांनी माझ्यावर धुतलेली चादर घातली, पण माइक बाहेरच ठेवला. त्याला माझी वायर जोडलेली आहे. डिंपल घरी आवाज काढते का, शेतात आईला हाक मारते का, मला ठाऊक नाही. शाळा उघडायला अजून बावीस दिवस आहेत.