राखेचं पाणी

शाहूपुरी नुकतीच वसत होती, तेव्हाची गोष्ट. देवी टोचणारा माणूस वर्षातून एकदा शिपाई घेऊन गल्लीत यायचा. धोंडुबाईने त्याला कधी नाही म्हटलं नाही. सरकारी माणसाशी हुज्जत कोण घालणार? तिने नातवाचा, गुंडूचा, दंड मुकाट्याने पुढे केला, टोचणाऱ्याला गूळपाणी दिलं आणि त्याची पाठ वळताच चुलीतली राख पाण्यात कालवून तो दंड खसाखसा धुतला. पोर आपलं, दंड पोराचा. त्यात सरकारचं काय काम? आठवड्याने टोचल्याचा फोड बघायला तो परत आला, तेव्हा तिने गुंडूला मामाकडे पेठ वडगावला धाडलं होतं. साप मेला आणि काठीही मोडली नाही, म्हणून बाई खूश.

भिंतीला भिंत लागून ख्वाजा पिंजाऱ्याचं घर. त्याची बायको नजीरा नुकतीच बाळंत झालेली. मुलगा फार कोवळा म्हणून टोचणारा 'पुढच्या खेपेला बघू' म्हणून गेला होता. धोंडुबाईचा त्या पोरावर भारी जीव. उन्हाळ्यात गुंडूला ताप भरला, तरी तो त्या पोराचा पाळणा हलवत बसला होता. दुसऱ्या दिवशी त्याच्या अंगावर देवी उठल्या. धोंडुबाईने दाराला लिंबाचा डहाळा बांधला, देवीला दहीभात दाखवला. गुंडू वाचला, तोंडावर वण राहिले. नजीराचं पोर गेलं.

पुढे नजीराला सलमा झाली. तीही धोंडुबाईच्याच कडेवर वाढू लागली. टोचणारा गल्लीत आला, तशी नजीरा दार अडवून उभी राहिली.

"माझ्या पोरीला न्हाय टोचायचं. मावशींच्या गुंडूला टोचलंतं की! तरी देवी आल्याच. मग उपेग काय?"

गल्लीतल्या बायकांनी माना डोलावल्या.

"पोरीच्या आईची मर्जी नसंल तर ऱ्हायलं," टोचणारा म्हणाला आणि खरंच पुढे निघाला.

सलमा धोंडुबाईच्या कडेवर तिच्या मण्यांशी खेळत होती. गप्प बसलं तर कुणाला काही कळणार नव्हतं. पण धोंडुबाईला तो पाळणा आठवला.

"थांबा वो पावणं!" ती ओरडली. "नजीरा, गुंडूला टोचल्यालं मी धुतलंतं. राखंच्या पाण्यानं. ह्यांची पाठ वळल्याबरुबर."

नजीराने सलमाला धोंडुबाईच्या कडेवरून काढून घेतलं आणि तिचा दंड टोचणाऱ्यापुढे धरला. पोरगी किंचाळली. धोंडुबाईने सवयीने हात पुढे केले, ते तसेच राहिले.

टोचणारा गेला. दंड वाळेपर्यंत नजीरा पोरीला घेऊन उंबऱ्यात बसून राहिली, धोंडुबाईवर नजर ठेवून.